न कळलेल्या वेळेचं काय करायचं?

वेब सर्व्हर ब्राउझरला जे एचटीटीपी उत्तर देतो, त्याच्या माथ्यावरच्या ओळींत (त्यांना हेडर म्हणतात) बहुतेक वेळा अशी एक ओळ असते: 'डेट: सन, ०६ नोव्ह १९९४ ०८:४९:३७ जीएमटी'. इथे ती देवनागरीत लिहिली आहे. तारेवरून जाताना ती साध्या आस्की अक्षरांत असते आणि 'डेट:' नंतरचा भाग रोमन लिपीत मोजला तर बरोबर २९ अक्षरांचा भरतो. वार तीन अक्षरी, मग स्वल्पविराम, तारखेला दोन आकडे, महिना तीन अक्षरी, साल चार आकडी, वेळ चोवीस तासांची आणि शेवटी जीएमटी (ग्रीनिचची प्रमाणवेळ) हीच तीन अक्षरं. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज. १९९६च्या आरएफसी १९४५पासून २०२२च्या आरएफसी ९११०पर्यंत नमुना म्हणून हीच तारीख छापली गेली आहे. इतका बांधीव, इतका जुना साचा, तरी सर्व्हरच्या उत्तरांत बिघडलेल्या तारखा सापडतातच. त्या का बिघडतात हे थोडं खणलं की कळतं. पण बिघडलेली तारीख हातात पडल्यावर वाचणाऱ्या प्रोग्रॅमने नेमकं काय करावं, इथे भले भले घसरतात.

आधी अधिकृत रूपं पाहू. ती तीन आहेत. पहिलं वर दिलेलं. दुसरं आरएफसी ८५०चं: पूर्ण वार, मध्ये आडव्या रेघा आणि दोनच आकड्यांचं साल, म्हणजे 'संडे, ०६-नोव्ह-९४'. तिसरं सी भाषेतल्या एएससीटाइम या फंक्शनचं, ज्यात साल शेवटी येतं आणि जीएमटी लिहिलेलंच नसतं. पाठवणाऱ्याने फक्त पहिलं वापरायचं. वाचणाऱ्याला मात्र तिन्ही कळली पाहिजेत. एएससीटाइमच्या रूपात एकआकडी तारखेपुढे शून्याऐवजी मोकळी जागा येते, म्हणून महिना आणि तारीख यांच्यात दोन स्पेस पडतात. ओळ स्पेसवर तोडणारा कोड महिन्याच्या ९ तारखेपर्यंत एक रिकामा तुकडा जास्तीचा धरतो आणि १० तारखेपासून आपोआप 'बरा' होतो. महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांतच येणारी तक्रार असेल तर ही जागा आधी बघावी. दोनआकडी सालाचाही नियम ठरलेला आहे: काढलेली तारीख आजपासून ५० वर्षांहून अधिक पुढची दिसत असेल, तर शेवटचे दोन आकडे तेच असलेलं मागचं सर्वांत जवळचं साल धरायचं.

आता बिघाडाकडे येऊ. तारखा बिघडतात त्या बहुधा पाठवणाऱ्याच्या कोडमध्ये, फॉरमॅट करण्याच्या एका ओळीत. सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक दिसायला सगळ्यांत निर्दोष असते: स्थानिक वेळ घ्यायची आणि तिच्या शेपटीला 'जीएमटी' ही अक्षरं चिकटवायची. पीएचपीमध्ये जीएमडेटऐवजी डेट वापरलं की हे होतं. गो भाषेतला एचटीटीपीसाठीचा टाइमफॉरमॅट वापरताना आधी यूटीसीत (व्यवहारात जीएमटीतच) बदल केला नाही तरी हेच होतं, कारण त्या साच्यात 'जीएमटी' ही अक्षरं ठोकून बसवलेली आहेत. वेळ कुठलीही असो, ती तशीच उमटतात. अशी ओळ कुठल्याही पार्सरला, म्हणजे ओळ वाचून अर्थ काढणाऱ्या कोडला, चुकीची वाटणार नाही. २९ अक्षरं जागच्या जागी, व्याकरण शुद्ध, फक्त अर्थ साडेपाच तास किंवा पाच तास सरकलेला.

त्याउलट गोमध्येच आरएफसी११२३ नावाचा साचा यूटीसी वेळेवर चालवला, तर शेवटी 'जीएमटी' न येता 'यूटीसी' येतं. अर्थ अचूक, रूप चुकीचं. जावास्क्रिप्टमध्ये तारखेचा ऑब्जेक्ट नुसता स्ट्रिंगला जोडला की 'सन नोव्ह ०६ १९९४ १४:१९:३७ जीएमटी+०५३०' असं काहीतरी निघतं आणि पुढे कंसात झोनचं लांबलचक नाव. इथे खरा सापळा वाचणाऱ्यासाठी आहे. 'जीएमटी' दिसलं की थांबणारा पार्सर १४:१९ हीच जीएमटी समजतो आणि साडेपाच तास पुढे जातो. जोडण्याऐवजी टूयूटीसीस्ट्रिंग वापरलं असतं तर नेमकं हवं ते २९ अक्षरी रूप मिळालं असतं.

सी आणि तिच्यावर बेतलेल्या भाषांत एसटीआरएफटाइम महिन्याची नावं चालू लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणे, देतं. कुठल्यातरी दुसऱ्याच लायब्ररीने सेटलोकेल चालवलं की हेडरमधला नोव्हेंबर फ्रेंच किंवा जर्मन होतो. जावाच्या साच्यात वायवायवायवाय मोठ्या लिपीत लिहिलं तर ते आठवड्याचं साल असतं, कॅलेंडरचं नव्हे. म्हणून ३० डिसेंबर २०२४ ही तारीख ३० डिसेंबर २०२५ म्हणून छापली जाते. वर्षाच्या टोकाचे मोजके दिवस सोडले तर हा कोड गुण्यागोविंदाने चालतो, त्यामुळे चाचणीत तो पकडला जाण्याची शक्यता जवळजवळ नाही. एचएच लहान लिपीत लिहिलं तर बारा तासांचं घड्याळ लागतं आणि दुपारचे तीन पहाटेचे तीन होतात.

शिवाय शून्य तारखा असतात, म्हणजे 'इथे तारीख नाही' याचं तारखेच्या वेषातलं रूप. गोमध्ये आणि डॉटनेटमध्ये ती १ जानेवारी, साल १. मायएसक्यूएलमध्ये सगळे शून्यच शून्य. ती पीएचपीच्या एसटीआरटूटाइममधून काढली की साल उणे १, ३० नोव्हेंबर असा अवतार दिसतो. आणि १ जानेवारी १९७० तर ओळखीचीच. अमेरिकेतल्या झोनमध्ये दाखवली की ती ३१ डिसेंबर १९६९ होते. पडद्यावर ही तारीख दिसली तर ती डेटा म्हणून वाचूच नये, लक्षण म्हणून वाचावी.

हे झालं पाठवणाऱ्याचं. वाचणाऱ्याच्या बाजूला तीन वाईट सवयी आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच: तारीख समजली नाही हे कबूल न करता तिच्या जागी काहीतरी बसवून देणं. पहिली सवय शून्य बसवण्याची. एसटीआरटूटाइम फसलं की 'फॉल्स' देतं, ते आकड्यात शून्य होतं, आणि शून्य म्हणजे १९७०. दुसरी सवय 'आत्ता' बसवण्याची. ही जास्त लबाड, कारण तिच्यामुळे सगळं ताजं दिसतं आणि कुणी तक्रारच करत नाही. तिसरी सवय नाही, तो भाषेचा स्वभाव आहे. जावास्क्रिप्टमध्ये न कळलेली तारीख 'नॅन' होते, आणि नॅनशी केलेली प्रत्येक लहान-मोठ्याची तुलना खोटी ठरते. 'मुदत आत्तापेक्षा लहान असेल तर पुन्हा आण' असं लिहिलं असेल तर बिघडलेल्या मुदतीचा मजकूर कधीच पुन्हा आणला जात नाही. तीच अट उलटी, 'मुदत आत्तापेक्षा मोठी असेल तर साठवलेला वापर' अशी लिहिली असेल, तर तोच मजकूर प्रत्येक वेळी नव्याने आणला जातो. दोन्ही वाक्यं कागदावर सारखीच वाटतात. कुठल्या दिशेने चूक होणार हे प्रोग्रॅमरने ठरवलेलंच नसतं; ते अट कशी सुचली त्यावर ठरून गेलेलं असतं.

म्हणून पार्सरने द्यायचं उत्तर दोनच प्रकारचं असावं: वेळ, किंवा 'कळली नाही'. आणि 'कळली नाही'चं पुढे काय करायचं हे पार्सरने ठरवू नये, कारण ते प्रत्येक हेडरला वेगळं आहे. आरएफसी ९१११ सांगतो की एक्सपायर्समधली, म्हणजे मुदत सांगणाऱ्या हेडरमधली, तारीख अवैध असेल, विशेषतः नुसता '०' असेल, तर ती भूतकाळातली समजा, म्हणजे मुदत संपलेली. '-१' पाठवण्याची जुनी चालही याच नियमाने निभावून जाते. 'या तारखेनंतर बदललं असेल तरच पाठव' असं सांगणाऱ्या इफ-मॉडिफाइड-सिन्समधली तारीख अवैध असेल तर सर्व्हरने ते हेडर नव्हतंच असं धरायचं आणि पूर्ण उत्तर द्यायचं. डेट हेडरच नसेल तर उत्तर हातात आलेली वेळ टिपायची. डेट आहे पण वाचता येत नाही, तेव्हाही तेच करणं शहाणपणाचं.

लास्ट-मॉडिफाइडच्या, म्हणजे मजकूर शेवटचा कधी बदलला ते सांगणाऱ्या हेडरच्या, बाबतीत शून्याची सवय सर्वांत महाग पडते. मुदत स्पष्ट दिलेली नसेल तर कॅश, म्हणजे आलेली उत्तरं साठवून ठेवणारी जागा, स्वतः अंदाज बांधते. शेवटच्या बदलाला जितका काळ लोटला त्याच्या दहा टक्के हा रूढ अंदाज. आता न कळलेल्या तारखेच्या जागी १९७० बसवा. लोटलेला काळ पन्नासहून अधिक वर्षं, त्याचे दहा टक्के म्हणजे पाच वर्षांहून जास्त. अंदाजाला वरची मर्यादा घातलेली नसेल, तर ज्या मजकुराबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं तो पाच वर्षं ताजा! इथे बरोबर वागणूक म्हणजे लास्ट-मॉडिफाइड आलंच नाही असं धरणं. मात्र मूळ ओळ जशीच्या तशी जपून ठेवावी, कारण पुढच्या विनंतीत इफ-मॉडिफाइड-सिन्स म्हणून परत पाठवायची ती हीच ओळ. काही सर्व्हर तारखांची तुलना करतच नाहीत, अक्षरं तंतोतंत जुळतात का एवढंच पाहतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ सेटिंग तारीख वाचते, पण वेळ तंतोतंत तीच असेल तरच जुळली असं मानते. आपण तारीख वाचून, सुधारून, नीटनेटकी करून परत पाठवली तर समोरचा ती ओळखणारच नाही.

'जीएमटी' चिकटवलेल्या स्थानिक वेळेचा परिणाम कुठल्या हेडरमध्ये ती आहे यावर कसा बदलतो, ते पाहण्यासारखं आहे. ताजेपणाचा काळ म्हणजे एक्सपायर्स वजा डेट. दोन्ही एकाच चुकीच्या घड्याळातून आल्या तर वजाबाकीत चूक उडून जाते. पण बहुतेक ठिकाणी डेट वेब सर्व्हर स्वतः घालतो, बरोबर, आणि एक्सपायर्स ॲप्लिकेशनचा कोड घालतो, चुकीची. सर्व्हर जीएमटीच्या पूर्वेला, म्हणजे अधिक साडेपाचवर असेल, तर तासाभराची मुदत साडेसहा तासांची होते. पश्चिमेला, उणे पाचवर असेल, तर मुदत उत्तराच्या आधीच संपलेली असते आणि प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जावं लागतं. एकच ओळ, एकच चूक. एकीकडे शिळं दिसतं, दुसरीकडे सर्व्हरवर भार वाढतो. दोन्ही तक्रारी वेगवेगळ्या लोकांकडे जातात. पाठवणाऱ्याच्या हातात असेल तर यातून सुटायचा सोपा मार्ग कॅश-कंट्रोलमधलं मॅक्स-एज. ते सेकंदांत असतं, त्याला झोन नसतो, आणि दोन्ही असतील तर एक्सपायर्सपेक्षा त्याचाच शब्द चालतो.

'पुन्हा कधी विचारायचं' ते सांगणाऱ्या रिट्राय-आफ्टरमध्ये सेकंदांचा आकडा येऊ शकतो किंवा पूर्ण तारीख. नियम सोपा, पण काही सर्व्हर तिथे आयएसओ धाटणीची तारीख ठेवतात, '२०२४-०५-०१टी...' अशी. पार्सइंट हे फंक्शन पहिल्या आकड्यांपुढचं सगळं सोडून देतं, म्हणून ते इथून २०२४ उचलतं आणि क्लायंट २०२४ सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं ४४ सेकंद, निमूटपणे थांबून राहतो. आकडा म्हणून घ्यायचं तर संपूर्ण ओळ आकड्यांचीच आहे हे आधी तपासा. तारीख असेल तर ती आपल्या घड्याळाशी ताडू नका. तिच्यातून त्याच उत्तरातली डेट वजा करा, म्हणजे आपलं घड्याळ पुढे-मागे असलं तरी थांबण्याचा काळ बरोबर निघतो. काहीच कळलं नाही तर आपला नेहमीचा वाढता विराम वापरा. आणि कुठल्याही परिस्थितीत वरची मर्यादा हवीच.

झोनच्या संक्षेपांवर विश्वास ठेवू नये, हे वाक्य सगळे म्हणतात. त्याची कारणं मोजून सांगता येतात. आयएसटी म्हणजे भारताची वेळ, इस्राएलची आणि आयर्लंडची उन्हाळी वेळसुद्धा. सीएसटी अमेरिकेच्या मध्य भागाची, चीनची आणि क्यूबाची. बीएसटी ब्रिटनची उन्हाळी वेळ आणि बांगलादेशची. आरएफसी ८२२ने, १९८२ साली, एका अक्षराचे लष्करी झोनही दिले होते, आणि त्यांची चिन्हं उलटी छापली गेली. १९८९च्या आरएफसी ११२३ने ती चूक मान्य केली, आणि तेव्हापासून त्या अक्षरांना अर्थ नाही असंच धरतात. लायब्ऱ्या अनोळखी संक्षेप गिळतात, हे त्याहून वाईट. गोचं टाइम.पार्स अनोळखी संक्षेपाला त्याच नावाचा एक झोन बनवून देतं, ज्याचा फरक शून्य असतो. जावाचं जुनं टाइमझोन अनोळखी नावाला गुपचूप जीएमटी परत करतं. दोघंही एरर देत नाहीत. १९९९च्या आरएफसी २६१६मध्ये सल्ला होता की जीएमटीखेरीज दुसरा झोन आला तर सर्वांत सावध पद्धतीने जीएमटीत बदला. आजचा आरएफसी ९१११ जास्त कडक आहे: मुदतीच्या हिशोबात जीएमटी किंवा यूटीसी सोडून दुसरा संक्षेप दिसला तर ती तारीख अवैध समजा. हाच नियम बरा. अंदाजाने बदललेल्या झोनपेक्षा 'कळली नाही' हे उत्तर स्वस्त पडतं.

कुकींच्या राज्यात सगळे कायदे वेगळे. २०११च्या आरएफसी ६२६५मध्ये कुकीची तारीख वाचायची स्वतंत्र रीत दिली आहे आणि ती मुद्दाम ढिली आहे: ओळीचे तुकडे करा, त्यांतून वेळ, तारीख, महिना आणि साल यांच्यासारखे दिसणारे पहिले तुकडे उचला, बाकी सोडून द्या. वार सोडून द्यायचा, झोनसुद्धा. म्हणजे 'आयएसटी' लिहिलेली कुकी साडेपाच तास जास्त जगते आणि 'जीएमटी+०५३०' लिहिलेलीही तेवढीच. दोनआकडी साल ७० ते ९९ असेल तर १९००मध्ये मिळवा, ० ते ६९ असेल तर २०००मध्ये. ५० वर्षांचा तो नियम इथे नाही. महिना नावाने लागतो, म्हणून आयएसओ तारीख इथे फसते. आणि फसली की एक्सपायर्स आलंच नाही असं धरून कुकी सत्रापुरती होते. आता जरा जपून. उत्तराच्या हेडरमध्ये 'एक्सपायर्स: ०' म्हणजे मुदत संपली. कुकीत 'एक्सपायर्स=०' म्हणजे मुदत सांगितलीच नाही. लॉगआउट करताना कुकी पुसायला ० लिहिलं तर ब्राउझर बंद होईपर्यंत ती जिवंत राहते. पुसायची असेल तर मॅक्स-एज=० द्या, किंवा खरीखुरी जुनी तारीख. आणि सेट-कुकीच्या अनेक ओळी स्वल्पविरामाने जोडून पुन्हा तोडू नका. स्वल्पविराम तारखेच्या पोटातच आहे, वाराच्या लगेच पुढे.

जेसनच्या (डेटा पाठवायच्या रूढ मजकुरी साच्याच्या) मजकुरात प्रमाण म्हणून आरएफसी ३३३९ धरावा. त्यात फरक '+०५:३०' असा अपूर्णविरामासह लागतो, '+०५३०' नाही. झोन लिहिलाच नसेल तर जावास्क्रिप्टचा नियम विचित्र आहे: नुसती तारीख असेल तर यूटीसी, तारीख आणि वेळ दोन्ही असतील तर स्थानिक. त्यातही जुन्या ईएस५ने झोन नसलेली वेळ यूटीसी धरायला सांगितलं होतं आणि २०१५मध्ये ते बदललं. जीएमटीच्या पश्चिमेला जन्मतारीख एक दिवस मागे दिसते ती या नियमामुळे. उत्तरातल्या पुढच्या पानाच्या लिंकमध्ये '+०५:३०' एन्कोड न करता घातलं तर अधिकचं चिन्ह क्वेरीत स्पेस होतं. समोरच्याला झोनशिवायची मोडकी तारीख मिळते. आकड्यांतल्या वेळेचाही गोंधळ ठरलेलाच. १७०००००००० सेकंद म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३.  हाच आकडा मिलिसेकंद समजला तर २० जानेवारी १९७० येते. मिलिसेकंदांचा आकडा सेकंद समजला तर साल पंचावन्न हजारांच्या पुढे जातं. आकड्याच्या लांबीवरून एकक ओळखायचा कोड लिहिण्याचा मोह होतो. लिहू नये. एकक करारात ठरवावं आणि वाजवी पट्ट्याबाहेरचा आकडा नाकारावा.

मग उदारपणा किती दाखवायचा? 'पाठवताना कडक, घेताना उदार' हे जॉन पोस्टेल यांचं १९८०चं सूत्र वेबवर फार चाललं, आणि २०२३च्या आरएफसी ९४१३ने त्याचे तोटेही सविस्तर मांडले: एकाने खपवून घेतलेली चूक पुढे सगळ्यांना खपवावी लागते. व्यवहारात जमणारी रचना अशी. आधी तीन अधिकृत रूपं, काटेकोर. ती जुळली नाहीत तर मोजक्या, नाव दिलेल्या दुरुस्त्या: 'जीएमटी'च्या जागी 'यूटीसी' किंवा '+००००', एकआकडी तारीख, लहान-मोठ्या लिपीतला फरक. प्रत्येक दुरुस्ती लागली की लॉगमध्ये तिच्या नावाची नोंद आणि मूळ ओळ. याच्या पलीकडे काही नाही. काहीही दिलं तरी तारीख काढून देणाऱ्या लायब्ऱ्या इथे आणू नयेत. त्यांना '०६-११-९४' दिलं तरी त्या आत्मविश्वासाने उत्तर देतात, जून का नोव्हेंबर हे न विचारता. वार चुकीचा असेल तर काय, यावर एकमत नाही: जावाचा आरएफसी११२३ फॉरमॅटर नाकारतो, गो दुर्लक्ष करतं. मुदतीच्या हिशोबात नाकारणं योग्य वाटतं. वार आणि तारीख जुळत नसतील तर त्यांतलं निदान एक चूक आहे, आणि कोणतं ते आपल्याला माहीत नाही.

चाचण्या यूटीसीवर चालणाऱ्या मशिनवर घेतल्या की यातलं जवळजवळ काहीच सापडत नाही. तिथे स्थानिक वेळ आणि जीएमटी एकच असते. म्हणून तोच संच टीझेड (मशिनचा झोन ठरवणारी सेटिंग) बदलून चालवावा: एशिया/काठमांडू, ज्याचा फरक पाच तास पंचेचाळीस मिनिटं, अमेरिका/सेंट जॉन्स, उणे साडेतीन, पॅसिफिक/किरितिमाती, अधिक चौदा. लोकेलही बदलून बघावं. तारखांच्या यादीत दोन स्पेसवाली ६ तारीख, ३० डिसेंबर, २९ फेब्रुवारी, रिकामी ओळ, '०', '-१' आणि २३:५९:६० हवेच. ते साठावं सेकंद एचटीटीपीच्या व्याकरणात चालतं, कुकीच्या रीतीत चालत नाही. आणि एनजिनएक्सच्या 'एक्सपायर्स मॅक्स'ने उमटणारी ३१ डिसेंबर २०३७, २३:५५:५५ हीसुद्धा घ्यावी. ३२ बिटांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ला ०३:१४:०७ वाजता संपतं. ती तारीख त्याच्या आत एकोणीस दिवसही नाही.